दहा सेंटांचा अंक पुठ्ठ्याच्या बांधणीत जातो तेव्हा

१९३८ सालच्या सुपरमॅनला उडता येत नव्हतं. तो उड्या मारायचा. एका उडीत अष्टमांश मैल, म्हणजे आपल्या हिशोबाने दोनशे मीटर. वीस मजली इमारत ओलांडणं, आगगाडीला मागे टाकणं हा डाव्या हातचा मळ, आणि कातडी अशी की फुटता तोफगोळाच काय तो तिला भेदेल. त्याला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट दगड नाही, त्याचा हाडवैरी लेक्स लूथर नाही. पहिल्या गोष्टीत परग्रहावरचा कुणी राक्षसही नाही. एक नवरा बायकोला मारतोय, त्याला सुपरमॅन उचलून भिंतीवर आपटतो. नवरा सुरी घेऊन अंगावर येतो, सुरी मोडते आणि गडी जागच्या जागी बेशुद्ध. पुढे वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरला हाताशी धरून देशाला युरोपातल्या युद्धात ओढू पाहणारा एक दलाल त्याच्या तावडीत सापडतो. सुपरमॅन त्याला काखोटीला मारून टेलिफोनच्या तारांवरून पळत सुटतो. वर त्याची समजूतही घालतो, की पक्षी नाही का तारेवर बसत, त्यांना कुठे काय होतं. खांबाला धक्का लागला नाही म्हणजे झालं!

ही गोष्ट मी मूळ अंकात वाचलेली नाही. तुम्हीही वाचणार नाही. 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, मुखपृष्ठावर जून १९३८ ही तारीख, किंमत दहा सेंट. त्याची एक सुस्थितीतली प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला गेली. असे अंक पारदर्शक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत ठेवतात. डबी फोडून वाचायला बसलात तर हातातल्या हातात काही लाख डॉलर उडाले म्हणून समजा. म्हणजे इतकी महाग झालेली ही गोष्ट वाचण्यासाठी उरलेलीच नाही. ती आपल्यापर्यंत येते ती संकलनातून. जुन्या सुपरहिरो कथा निवडून, नव्याने छापून, पुठ्ठ्याच्या बांधणीत घातलेलं जाडजूड पुस्तक.

अशा पुस्तकांवर 'अभिजात', 'सर्वोत्तम' असं काहीतरी ठसठशीत लिहिलेलं असतं. त्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, एवढंच मला सांगायचं आहे. गोष्ट चांगली म्हणून पुस्तकात आली हे अर्धं खरं. उरलेल्या अर्ध्यात कोर्टकचेऱ्या आहेत, ब्लीच आहे, एका माणसाचं नवव्या वर्षीचं वाचन आहे. ते कळलं की पुस्तक वाचायला जास्त मजा येते.

आधी दोन शब्द निकालात काढू, कारण प्रत्येक प्रस्तावनेत ते येतात. 'सुवर्णयुग' म्हणजे १९३८पासून साधारण पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. युद्ध संपलं तसे सुपरहिरो मागे पडले आणि गुन्हेगारीच्या, भुताखेतांच्या, प्रेमाच्या कॉमिक्सनी बाजार घेतला. मग ऑक्टोबर १९५६च्या 'शोकेस' क्रमांक ४मध्ये 'फ्लॅश' हा जुना हिरो नव्या अवतारात आला, तिथून 'रौप्ययुग'. मार्व्हल कंपनीचे 'फँटॅस्टिक फोर' (१९६१) आणि 'स्पायडरमॅन' (१९६२) याच काळातले. ही नावं चाहत्यांनी पाडलेली आहेत. सोन्याच्या काळातल्या सगळ्या गोष्टी सोन्याच्या होत्या असा गैरसमज नको. बऱ्याचशा घाईघाईत उरकलेल्या आहेत, आणि ते चित्रांतही दिसतं.

आता मुद्द्याचं पुस्तक. १९६५ साली अमेरिकेतल्या डायल प्रेसने 'द ग्रेट कॉमिक बुक हिरोज' नावाचं संकलन काढलं. संकलक ज्युल्स फायफर, तेव्हा नावाजलेले व्यंगचित्रकार. पुस्तक करून घेणारे संपादक ई. एल. डॉक्टरो, जे पुढे कादंबरीकार म्हणून मोठे झाले. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, कॅप्टन अमेरिका, ह्यूमन टॉर्च, सब-मरिनर, स्पिरिट अशा मंडळींच्या जुन्या गोष्टी रंगीत छापलेल्या आणि पुढे फायफर यांचा लांबलचक लेख. त्या काळात हे धाडसच म्हणायचं. कॉमिक्स वाचून झाली की ती रद्दीत जायची. युद्धाच्या वर्षांत तर देशासाठी कागद गोळा करण्याच्या मोहिमांत पोरांनी आपली कॉमिक्स गठ्ठ्यांनी देऊन टाकली होती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ती पानं जाड पुठ्ठ्यात बांधून पुस्तकांच्या दुकानात ठेवायची म्हणजे भेळेचा कागद चौकट करून भिंतीवर लावण्यासारखं.

फायफर यांनी त्याला कलेचा मुलामा दिला नाही, म्हणून मला तो लेख आवडतो. ही रद्दीच आहे, असं ते कबूल करतात. पण रद्दीला कुणी काही मागत नाही, तिच्याकडून संस्कारांची अपेक्षा नसते, म्हणून पोराला तिथे मोकळं वाटतं, असा त्यांचा सूर आहे. त्याच लेखात सुपरमॅनबद्दलचं एक निरीक्षण आहे, जे नंतर शंभर जणांनी आपलं म्हणून वापरलं. इतर हिरो मुखवटा चढवून हिरो होतात. सुपरमॅन सकाळी उठतो तो सुपरमॅन म्हणूनच. चष्मा लावून तो क्लार्क केंट होतो. म्हणजे त्याचं सोंग कोणतं? आपल्यासारखा बावळट, घाबरट माणूस. त्याचं सोंग ते आपलं खरं रूप.

फायफर १९२९ सालचे. सुपरमॅन आला तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांच्या निवडीत चाळीसचं दशक ठासून भरलंय याचं नवल वाटायला नको. पुढे सतराव्या वर्षी ते 'स्पिरिट'चे जनक विल आयस्नर यांच्या स्टुडिओत उमेदवारीला लागले आणि त्याच मालिकेचं काम करू लागले. पुस्तकात 'स्पिरिट' आहे. असणारच. मास्तरांचा वर्ग चुकत नाही. निवडणाऱ्याचं वय आणि त्याची पहिली नोकरी या दोन गोष्टी कळल्या तर संकलनाची अर्धी अनुक्रमणिका पुस्तक न उघडता सांगता येते.

याच पुस्तकात कॅप्टन मार्व्हलचं मात्र एकच पान आहे. गोष्ट नाही, फक्त पान. हा चाळीसच्या दशकातला हिरो एके काळी खपात सुपरमॅनच्या पुढे गेला होता. बिली बॅट्सन नावाचा पोरगा 'शझॅम' म्हणतो, वीज कडाडते आणि त्याचा धिप्पाड हिरो होतो. तो फॉसेट या प्रकाशकाचा. सुपरमॅनच्या मालकांनी, म्हणजे आजच्या डीसीने, ही आमची नक्कल आहे म्हणून खटला भरला. खटला वर्षानुवर्षं चालला. १९५१ साली अपील न्यायालयात न्यायाधीश लर्नेड हँड यांचा निकाल डीसीच्या बाजूने झुकला आणि १९५३ साली फॉसेटने ४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सुपरहिरो छापणं बंद. म्हणजे १९६५ साली हा हिरो कायद्याच्या दृष्टीने अंधारकोठडीत होता. पुढचा विनोद असा, की १९७२ साली डीसीनेच त्याचे हक्क भाड्याने घेतले, पण तोवर 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव मार्व्हल कंपनीने आपल्या पदरात पाडून घेतलं होतं. म्हणून डीसीला मासिकाचं नाव 'शझॅम' ठेवावं लागलं.

आता हे सगळं कंपन्यांच्या हातात कसं गेलं? इथे जरा थांबू या, कारण जुन्या कॉमिक्सचं सगळं दुखणं इथेच आहे. क्लीव्हलंडचे जेरी सीगल आणि जो शूस्टर. एक लिहायचा, एक काढायचा. पहिल्या सुपरमॅन गोष्टीची १३ पानं, पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. मार्च १९३८मध्ये त्यांना इतर कामांचे पैसे धरून ४१२ डॉलरचा धनादेश मिळाला. आणि त्या १३० डॉलरांत पात्राचे सगळे हक्क लिहून दिले गेले. रोजंदारीवर भिंत रंगवणाऱ्याचा जसा घरावर हक्क नसतो, तशी ही पद्धत. चित्रकार बदलला तरी सुपरमॅन चालू राहतो तो याच जोरावर. पुढे ते दोघं कोर्टात भांडले, हरले, हलाखीत दिवस काढले. १९७५ साली वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर निवृत्तिवेतन आणि नाव छापायचं मान्य केलं. १९३८चा तो ४१२ डॉलरचा धनादेश, नुसता कागद, २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. यावर मी काही बोलत नाही.

विल आयस्नर मात्र वेगळ्या पाण्याचे. 'स्पिरिट'चे हक्क त्यांनी पहिल्यापासून स्वतःकडे ठेवले. तेव्हा असं करणारा माणूस शोधून सापडत नव्हता.

नावाचंही तसंच. जुन्या गोष्टींवर बहुधा लेखकाचं नाव नसायचं, चित्रकाराचं असलं तर भलत्याचंच असायचं. बॅटमॅन मे १९३९मध्ये आला तो चित्रकार बॉब केन यांच्या सहीने. बिल फिंगर यांनी गोष्ट लिहिली, पोशाखाला आकार दिला, पण त्यांचं नाव बॅटमॅनचे सहनिर्माते म्हणून अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडलं. फिंगर १९७४ सालीच गेले होते. म्हणून संकलन हातात आलं की प्रकाशनवर्ष बघा आणि मग श्रेयनामावली. १९७०च्या आणि २०२०च्या पुस्तकांत गोष्ट तीच, लेखक वेगळा. ज्या गोष्टींवर सहीच नाही त्यांचे चित्रकार चाहत्यांनी हुडकून काढलेत, कान काढायची ढब, बोटांची ठेवण, शाईच्या रेघेची जाडी बघून. आपल्याकडे जुन्या चित्रपटगीतात व्हायोलिन कुणाचं यावर रात्र रात्र वाद घालणारी मंडळी असतात ना, तसलीच ही जात. (ती पहिली बॅटमॅन कथा, सहा पानांची, १९३६ सालच्या एका 'शॅडो' रहस्यकथेवरून बेतलेली होती, हेही अशाच एकाग्र माणसांनी शोधून काढलं.)

बरं, हक्क मिळाले, नावं लागली. आता छापायचं काय? मूळ म्हणजे नेमकं कोणतं?

सीगल आणि शूस्टर यांनी सुपरमॅन आधी वर्तमानपत्रांतल्या पट्टीसाठी तयार केला होता. रोज तीन-चार चौकटींची आडवी पट्टी. कुणी घेतली नाही. मासिकाने घेतली तेव्हा त्यांना त्या पट्ट्या कात्रीने कापून, पानाच्या आकारात चिकटवून द्याव्या लागल्या. जागा पुरेना म्हणून सुरुवातीचा भाग उडाला. त्यामुळे पहिली सुपरमॅन कथा धाडकन मधूनच सुरू होते: हा इसम एका बांधलेल्या बाईला घेऊन रात्री गव्हर्नरच्या घराकडे धावतोय. का? कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी 'सुपरमॅन' नावाचं स्वतंत्र मासिक निघालं, त्याच्या पहिल्या अंकात हीच गोष्ट परत छापली आणि वगळलेला भाग जोडला. म्हणजे सुपरहिरो कथांचं पुनर्मुद्रण सुपरमॅनच्या दुसऱ्याच वर्षी सुरू झालं आणि त्यातही मूळ बदललं. संकलकाने आता १९३८ची तुटकी गोष्ट घ्यावी की १९३९ची पूर्ण? बहुतेक जण तुटकी घेतात, कारण तिला 'पहिली' म्हणता येतं. माझं मत विचाराल तर वाचायला १९३९चीच बरी.

रंगाकडे वळू. जुन्या कॉमिक्सचा रंग म्हणजे तीन शाया: पिवळी, तांबडी, निळी. चौथी काळी, ती रेघांसाठी. प्रत्येक रंगाच्या तीन मात्रा: पाव, अर्धी, पूर्ण. फिकी मात्रा म्हणजे बारीक ठिपके. भिंगाखाली जुनं पान धरलंत तर एखाद्या पात्राचा गाल हा लाल ठिपक्यांची रांगोळी आहे हे दिसतं. रंग मुळीच नसणं ही चौथी शक्यता. चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट. एवढ्या चौसष्ट छटांत सगळं विश्व बसवायचं. काळे केस सपाट डबक्यासारखे दिसू नयेत म्हणून त्यांत निळा घालायचे. सुपरमॅनचे केस निळसर दिसतात ते यामुळे. आणि हे सगळं वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर, जो शाई पिऊन टाकतो. भडक रंग त्या कागदावर आपोआप मवाळ व्हायचे.

मार्व्हलचा हल्क हा आडदांड हिरो १९६२च्या त्याच्या पहिल्या अंकात करडा होता. त्याचे लेखक स्टॅन ली यांना करडाच हवा होता. पण छापखान्यात तो रंग जुळेना. एका पानावर शिशासारखा, दुसऱ्यावर हिरवट. दुसऱ्या अंकापासून वैतागून हिरवाच केला. मग पुढे ती पहिली गोष्ट पुन्हा छापताना काय केलं असेल? हल्क हिरवा रंगवून टाकला. जवळजवळ वीस वर्षं पुनर्मुद्रणांतून हल्कचा जन्म हिरव्या रंगातच होत राहिला. करडा रंग परत आला तो ऐंशीच्या दशकात. तोवरची संकलनं वाचलेल्या माणसाला हल्क मुळात करडा होता हे सांगितलं तर त्याला थाप वाटायची, आणि पुरावा म्हणून तो छापील पुस्तक पुढे करायचा.

आणखी एक अडचण. छापून झालेल्या मूळ चित्रांना कुणी जपत नसे. काही फाडली गेली, काही कचऱ्यात गेली. चित्रं चित्रकाराला परत द्यायची रीत सत्तरच्या दशकात रुळली. स्पायडरमॅनच्या पहिल्या गोष्टीची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली मूळ पानं वाचली. २००८ साली कुणीतरी नाव न सांगता ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. पण हा अपवाद. चाळीसच्या दशकातल्या बहुतेक गोष्टींचं आज काय शिल्लक आहे, तर पिवळा पडलेला छापील अंक. त्यावर शाईची काळी रेघ आणि रंग एकमेकांत मिसळलेले. पुन्हा छापायला नुसती काळी रेघ हवी. ती कशी सोडवायची?

संगणकापूर्वी काही जण ती हाताने गिरवायचे, म्हणजे पातळ कागद ठेवून दुसऱ्याच चित्रकाराने रेघ परत काढायची. तसं केलेल्या पुस्तकात चित्र 'मूळ' असतं पण हात परका असतो, आणि जाणकाराला ते चेहऱ्यांवरून कळतं. मग ग्रेग थीकस्टन यांनी रसायनाची युक्ती रूढ केली: अंकाचं पान सोडवायचं, ब्लीचमध्ये घालायचं. रंग निघून जातात, काळी शाई टिकते. पान वाळवायचं, फोटो काढायचा, नव्याने रंग भरायचे. म्हणजे पुस्तकात गोष्ट जिवंत राहावी म्हणून अंकाची एक प्रत मारायची. चाहते या प्रकाराला त्यांचंच नाव देऊन 'थीकस्टनायझिंग' म्हणतात.

नव्याने रंग भरताना दुसरा घोटाळा होतो. जुन्याच चौसष्ट छटा, पण कागद गुळगुळीत, पांढराशुभ्र, चकचकीत. शाई आत मुरत नाही. जो पिवळा जुन्या कागदावर हळदीसारखा दिसायचा तो इथे डोळ्यात बोचतो. म्हणून अलीकडे काही प्रकाशक जुनं पान डाग, पिवळेपणा, हललेल्या शाईसकट जसंच्या तसं स्कॅन करून छापतात. दोन्ही बाजूंना कडवे लोक आहेत. मी डागवाल्यांच्या बाजूचा.

न छापण्याजोगंही बरंच आहे. 'स्पिरिट'मध्ये एबनी व्हाइट नावाचा कृष्णवर्णीय पोरगा आहे, जाडे ओठ आणि तोडकंमोडकं बोलणं, तेव्हा हसण्यावारी नेलेलं. युद्धकाळातल्या गोष्टींत जपानी माणसाला सुळे आणि नखं आहेत. बॅटमॅन सुरुवातीला पिस्तूल बाळगायचा, विमानातून मशिनगनही चालवायचा. पुढे संपादकांनीच हे थांबवलं. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांच्या पुस्तकानंतर सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली करून घेतली. त्यानंतरचे अंक सोवळे आहेत, आधीचे नाहीत. संकलकाला ठरवावं लागतं: अशी गोष्ट गाळायची, की टीप घालून छापायची? गाळली तर वाचकाला वाटतं तो काळ निर्मळ होता. छापली तर मुलांच्या हातात पडते. हल्ली टीप घालून छापतात, आणि मला ते पटतं.

उलटही होतं. १९७१चे 'स्पायडरमॅन'चे ९६ ते ९८ हे अंक जिकडेतिकडे संकलित होतात, कारण त्यांत अमली पदार्थांचा उल्लेख आहे म्हणून कॉमिक्स कोडने मंजुरीचा शिक्का नाकारला आणि मार्व्हलने शिक्क्याविनाच छापले. मोठी घटना. गोष्ट म्हणून मात्र बेतासबात. ऐतिहासिक आणि चांगलं यांत गल्लत करणं हा या पुस्तकांचा जुना रोग आहे.

फायफर यांच्या त्या संकलनाचं पुढे काय झालं? २००३ साली फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेने ते पुन्हा काढलं. फक्त लेख. गोष्टी एकही नाही. संकलनातून संकलन वजा.

आपल्याकडे हे सगळं दुसऱ्या वाटेने आलं. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४पासून इंद्रजाल कॉमिक्स काढली आणि ली फॉक यांचा फँटम आपल्याकडे वेताळ झाला. वेताळ सुपरमॅनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, १९३६चा. शक्ती काही नाही, पण अंगाला घट्ट पोशाख, बुबुळं न दिसणारा मुखवटा आणि कवटीची अंगठी. तीही मुळात वर्तमानपत्रातली पट्टीच. कापून, जुळवून पानात बसवलेली, थेट १९३८च्या सुपरमॅनसारखी. त्यात बदलही केले: वेताळाच्या 'बंगाला' या काल्पनिक देशाचं डेंकाली झालं, चाच्यांच्या सिंग टोळीची सिंगा टोळी, आपल्या वाचकाला खटकू नये म्हणून. परदेशांत तर रंगही बदलला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल.

आमच्या घरी अशा बारा अंकांचं एक बाड होतं. सुट्टे अंक पोरं नेतात आणि परत करत नाहीत, म्हणून काकाने पेठेतल्या एका बाइंडरकडून ते शिवून घेतलं होतं. वर हिरवा रेक्झिन, कण्यावर सोनेरी अक्षरांत नुसतं 'वेताळ'. बाइंडरने टाके घालताना आतली कड भरपूर आत घेतली आणि नंतर बाहेरची कड यंत्रावर सरळ कापून टाकली. त्यामुळे प्रत्येक डाव्या पानाचा उजवा संवादाचा फुगा शिवणीत अर्धा गडप आहे. मी ते बाड वीसेक वेळा वाचलंय. कवटीच्या गुहेत एका रात्री डायना वेताळाला काहीतरी विचारते आणि तो उत्तर देतो, "नाही डायना, मी कधीच…" पुढे दोरा.